गरोदरपणात प्लेटलेट कमी: साधी घट कोणती आणि आयटीपी कोणता?

पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून सोलापूरला माहेरी आलेल्या मुलीच्या आठव्या महिन्यातील रिपोर्टवर प्लेटलेट १,१०,००० दिसल्या की घरातले सगळे डेंग्यूच्या धास्तीने पपईच्या पानांचा रस शोधू लागतात. गरोदर बाईला तो मुळीच देऊ नये. आपल्याकडची डाळिंबे तिने जरूर खावीत, पण त्यांनी प्लेटलेट वाढत नाहीत.

सर्वप्रथम रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, कारण जांभळ्या झाकणाच्या नळीत कधी कधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र आकडा खोटाच कमी दाखवते. रक्तदाब वाढलेला असेल किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खरा घोटाळा होतो तो गरोदरपणातील साधी घट आणि आयटीपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच अँटीबॉडी प्लेटलेट नष्ट करतात तो आजार, यांत. दोन्हींत ताप नसतो, बाकीचे रिपोर्ट चांगले असतात आणि त्यांना वेगळे ओळखणारी एकही खात्रीची तपासणी नाही. अँटीबॉडीच्या महागड्या तपासणीनेही हा प्रश्न सुटत नाही. फरक आहे तो घट केव्हा सुरू झाली याचा. साधी घट बहुधा सहाव्या महिन्यानंतर दिसते आणि ७०,००० च्या खाली क्वचितच जाते. आयटीपी बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच दिसतो, पुष्कळदा गरोदरपणाच्या आधीपासून असतो. म्हणून आज १,१०,००० असलेला आकडा तिसऱ्या महिन्यात २,४०,००० होता की ९५,०००, हे कळल्याशिवाय निदान करता येत नाही; आणि नेमका तोच कागद सासरच्या कपाटात राहिलेला असतो. अशाच एका मुलीच्या नवऱ्याने त्याचा फोटो फोनवर पाठवला, तेव्हा त्यावर ८८,००० हा आकडा होता आणि त्याखाली कुणी साधी रेघही ओढलेली नव्हती.

साध्या घटीला औषध लागत नाही आणि बाळाला धोका नसतो. आयटीपीतील अँटीबॉडी मात्र वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, त्यामुळे जन्मतः नाळेच्या रक्तातून आणि पुढचे काही दिवस बाळाच्याही प्लेटलेट मोजाव्या लागतात. आईच्या प्लेटलेट ३०,००० च्या खाली गेल्या किंवा रक्तस्राव झाला, तर प्रेडनिसोलोन किंवा इम्युनोग्लोब्युलिन देतात. प्रसूतीच्या वेळी ५०,००० आणि पाठीतल्या भुलीसाठी साधारण ७०,००० प्लेटलेट असाव्यात. केवळ प्लेटलेट कमी आहेत म्हणून सिझेरियन करणे मला अजिबात मान्य नाही.

साधी घट प्रसूतीनंतर महिन्या-दोन महिन्यांत भरून येते. मुलगी सासरी परतण्यापूर्वी प्लेटलेटची मोजणी झालीच पाहिजे, कारण आकडा खालीच राहिला तर निदान पुन्हा तपासावे लागते.