४८६ गप्प कसं झालं

माझ्याकडचं ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला जुना पीसी, चालू केलं की आधी एक बारीक शिट्टी सुरू व्हायची, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सूं सूं होतं ना तसली, ती चढत चढत एका सुरावर थांबायची आणि मग करकर, टकटक. घरातले म्हणायचे, झाली गिरणी चालू. मशीन मामांच्या ऑफिसातलं, डीएक्स२-६६, टाकवत नाही कारण आत पुण्याच्या सीडॅकचं जिस्ट कार्ड आहे, डॉसमध्ये मराठी दाखवणारं, आणि ते आयएसए, म्हणजे जुन्या बोर्डवरचा कार्ड खोचायचा स्लॉट, सोडून कुठे बसत नाही. म्हणजे मशीन ठेवायचं आणि आवाज घालवायचा. कोणालाही विचारा, उत्तर एकच, "सीएफ कार्ड टाक", म्हणजे आवाज करणारी हार्डडिस्क काढ आणि तिच्या जागी कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड बसव. बरोबर आहे, पण कॅमेऱ्याचं कार्ड असल्या जुन्या मशीनमध्ये मुळात चालतंच कसं हे कोणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी आवाजाचं बघू. तो हार्डडिस्कमध्ये दोन ठिकाणांहून येतो, शिट्टी येते तबकड्या फिरवणाऱ्या मोटरच्या बॉल बेअरिंगमधून आणि टकटक येते हेड, म्हणजे तबकडीवर वाचणारं-लिहिणारं टोक, इकडून तिकडे नेणाऱ्या यंत्रणेतून. १९८० ची सीगेट कंपनीची एसटी-५०६ हार्डडिस्क, सव्वापाच इंची, जागा ५ एमबी. १९८३ ला आयबीएमचा पीसी एक्सटी आला तो १० एमबी घेऊन. या पिढीत तबकडी मिनिटाला ३६०० वेळा फिरायची आणि हेड हलवायला स्टेपर मोटर असायची, म्हणजे हेड सरकत नाही, पायरी पायरीने उडी मारतं, प्रत्येक उडीला झटका आणि प्रत्येक झटक्याला पत्र्याचा डबा वाजणार. बंद करायच्या आधी 'पार्क' कमांड द्यायची सवय जुन्या लोकांना अजून आठवत असेल, नाही दिली तर हेड तिथेच डेटावर टेकायचं. पुढे व्हॉइस कॉइल आलं, स्पीकरमध्ये असते तशी चुंबकात हलणारी कॉइल, त्याने झटके कमी झाले, हेड आपोआप पार्क व्हायला लागलं, टकटकची करकर झाली. शिट्टी मात्र तशीच राहिली. उलट वर्षं जातील तसं बेअरिंगचं ग्रीस सुकतं, गोळ्या झिजतात, आणि शिट्टी वाढते, म्हणजे आज आपण जो आवाज ऐकतो तेवढा तो नवीन असताना नव्हताच, मामांच्या ऑफिसात हे मशीन कोणाला त्रास देत नव्हतं.

आता मुद्द्याचं. एसटी-५०६ च्या काळात हार्डडिस्क स्वतः काही शहाणी नव्हती. दोन रिबन केबल, ३४ पिनची एक आणि २० पिनची एक, त्या जायच्या स्लॉटमधल्या कंट्रोलर कार्डाला, आणि डिस्क फक्त तबकडीवरून वाचलेले कच्चे पल्स पाठवायची, त्यातून बाइट काढायचं काम कार्डाचं. त्यामुळे असल्या मशीनला आज बिनआवाजाचा बदली पार्ट द्यायचा तर ते पल्स अगदी त्याच टायमिंगने हुबेहूब काढून दाखवावे लागतात. असे बोर्ड आहेत, पण ते हौसेचं काम आहे.

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल वगैरे मंडळींनी कंट्रोलर कार्डावरून उचलून सरळ डिस्कवरच बसवला. हेच ते आयडीई. हेतू साधा, खर्च वाचवायचा, जागा वाचवायची. पण त्यातून झालं काय, तर मशीन आता नुसती ऑर्डर देतं, अमुक सिलिंडर, अमुक हेड, अमुक सेक्टर (तबकडीवरच्या जागेचा पत्ता) आणून दे, आणि ४० पिनच्या केबलपलीकडे काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. खानावळीचा डबा येतो तसं आहे, डबा वेळेवर आला आणि आमटी गरम असली की झालं, स्वयंपाक गॅसवर केला की चुलीवर याची चौकशी कोण करतंय! आज आपण जो काही बदल करतो तो या एका निर्णयाच्या जिवावर.

मग १९९४ ला सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश काढलं. ५० पिनचं कार्ड, पण त्याला नवी भाषा शिकवण्याऐवजी त्यांनी हार्डडिस्कचीच भाषा शिकवली. चालू होताना ९ नंबरची पिन ग्राउंडला जोडलेली असेल तर कार्ड स्वतःला सरळ आयडीई डिस्क समजतं. म्हणून कार्ड आयडीई केबलला जोडणारा तो स्वस्तातला अडॅप्टर हातात घेऊन उजेडात धरून बघा, काम करणारी अशी चिप त्यावर नसतेच, तांब्याच्या रेघा, मास्टर-स्लेव्हचा एक जंपर, पॉवरचा चार पिनचा कनेक्टर आणि एखादा एलईडी. मला आधी वाटलं दुकानदाराने अर्धवट माल दिला. जाता जाता, या साम्याचा उलटा वापरही झालाय, आयबीएमने १९९९ मध्ये मायक्रोड्राइव्ह काढला, सीएफच्या आकारात खरीखुरी फिरणारी एक इंची हार्डडिस्क, त्यामुळे जुन्या मालात सीएफ घेताना लेबल वाचा, नाहीतर आवाज घालवायला जाल आणि आवाजच घेऊन याल.

मधल्या काळात लोकांनी दुसरा रस्ताही धरला, नवीन पण शांत हार्डडिस्क लावायचा. २००१ च्या सीगेट बॅराकुडा एटीए ४ मध्ये बॉलच्या जागी तेलाच्या थरावर फिरणारं बेअरिंग आलं आणि शिट्टी खरोखर गेली. हेडचा आवाज कमी करायची सोय एटीए-६ मध्ये, म्हणजे आयडीईच्याच पुढच्या नियमावलीत, आली, १२८ आकडा दिला की शांत, २५४ दिला की सुसाट. पण ४८६ ला त्याचा उपयोग किती? जुनं बायोस, म्हणजे मशीन चालू होताना डिस्क ओळखणारा बोर्डवरचा प्रोग्राम, १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर यापुढे मोजत नाही, गुणाकार केला की ५२८ दशलक्ष बाइट, ज्याला लोक ५०४ एमबीची भिंत म्हणतात. ४० जीबीची डिस्क लावा, दिसणार अर्धा जीबी, काही बायोस तर तिथेच अडकून बसतात. आणि त्या शांत डिस्कही आता वीस वर्षांच्या पुढे गेल्यात. साटा एसएसडीला (आजच्या जोडणीची बिनतबकडीची डिस्क) मध्ये ब्रिज, म्हणजे जोडणी बदलणारा बोर्ड, लावून बसवणारेही आहेत, एवढ्या जुन्या बोर्डवर तो कधी चालतो कधी नाही, मी त्या भानगडीत पडलो नाही.

मॅकवाल्यांची गोष्ट वेगळी, १९८६ च्या मॅक प्लसपासून तिकडे बरीच वर्षं स्कझी, डिस्क जोडायची वेगळीच पद्धत, आणि सीएफ स्कझी बोलत नाही. तिथे मध्ये दुभाषा लागतो, ब्लूस्कझीसारखा छोटा बोर्ड, एसडी कार्डावरच्या फायली स्कझी डिस्क म्हणून दाखवणारा.

मी शेवटी ५१२ एमबीचं सीएफ घेतलं, मुद्दाम छोटं, भिंतीच्या आत बसणारं (कार्डावरचे ५१२ एमबी म्हणजे साधारण ५१२ दशलक्ष बाइट, भिंतीच्या ५२८ दशलक्षांपेक्षा कमीच). फ्लॅशला लिहिण्याची मर्यादा असते म्हणून घाबरवतात, सतत लिहिल्या जाणाऱ्या विंडोजच्या स्वॅप फाइलला ते लागू आहे, पण डॉस दिवसभरात लिहितं किती! पहिल्यांदा बूट झालं नाही, कारण कार्ड मी दुसऱ्या मशीनवर फॉरमॅट केलेलं आणि दोघांचा सिलिंडर-हेडचा हिशोब जुळत नव्हता. ४८६ वरच बायोसमध्ये आकडे भरून पार्टिशन आणि फॉरमॅट नव्याने केलं, वर फ्लॉपीवरून एफडिस्कने एमबीआर, म्हणजे बूट सुरू करणारा डिस्कचा पहिला सेक्टर, नव्याने मारला, आणि सी प्रॉम्प्ट आला.

शिट्टी नाही, करकर नाही. आता पॉवर सप्लायचा पंखा ऐकू येतो, जो इतकी वर्षं कधी ऐकलाच नव्हता. आणि एक अडचण झाली, मोठी फाइल उघडताना मशीन काम करतंय की हँग झालंय ते पूर्वी कानाला कळायचं, आता कळत नाही. यासाठी लोक बोर्डवरच्या हार्डडिस्कच्या एलईडीच्या पिनांना जोडायचा टकटक करणारा छोटा बोर्ड विकत घेतात. मी हसलो होतो आधी. आता तो माझ्या कार्टमध्ये पडून आहे, घरी अजून सांगितलेलं नाही.