वहीतल्या इंग्रजीचे व्याकरण

यवतमाळ किंवा वाशीमकडच्या एखाद्या खेड्यात आठवीतल्या मुलाला स्वतःविषयी इंग्रजीत चार ओळी लिहायला सांगितल्या, तर ‘व्हेन पोळा कम, देन माय फादर पेंट द हॉर्न्स’, ‘आय डिड नॉट वेन्ट टू द फील्ड’, ‘आय ॲम गोइंग टू स्कूल एव्हरी डे’ अशा घडणीची वाक्ये वहीत उतरण्याचा बराच संभव असतो. त्यांवर लाल खुणा होतात आणि दोष बहुधा मराठीच्या माथी येतो. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी मात्र १९६७ मध्ये असे मांडले की, शिकणाऱ्याच्या चुका हा त्याने मनात रचलेल्या नियमांचा पुरावा असतो. मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधल्या या नियमव्यवस्थेला भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये ‘इंटरलँग्वेज’ असे नाव दिले.

‘पेंट’ या क्रियापदाला लागायचा ‘एस’ गळाला, तो मराठीमुळे असे म्हणणे कठीण आहे, कारण मराठीत जातो, जाते, जातात असे क्रियापद कर्त्याप्रमाणे सतत बदलते. अगदी वेगवेगळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांना हा प्रत्यय उशिराच साधतो. कर्ता वाक्यात आधीच आलेला असल्यामुळे या प्रत्ययाने वाक्याच्या अर्थामध्ये भर पडत नाही. ‘डिड नॉट वेन्ट’मध्ये भूतकाळ दोनदा आला आहे. ‘मी गेलो नाही’ या रचनेत तो मुख्य क्रियापदावरच असतो, म्हणून येथे मराठीचा हात असू शकेल; पण इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलेही असेच बोलतात, हे विसरून चालणार नाही.

तिसऱ्या वाक्याविषयी मला अधिक आस्था आहे. वऱ्हाडी बोलणारा मुलगा ‘मी रोज शाळेत जातो’ आणि ‘मी आता शाळेत जाऊन राह्यलो’ यांत कधीच गल्लत करत नाही. नेहमीची क्रिया आणि चालू क्रिया यांतला जो भेद त्याला इंग्रजीत शिकवायचा, तो त्याच्या घरच्या बोलीत इतका स्पष्ट आहे की, वर्गात ती बोली अशुद्ध ठरवून बाजूला सारणे म्हणजे हातातले साधन टाकून देणे होय.

उपवाक्यांकडे तर फारच कमी लक्ष जाते. ‘व्हेन’नंतर आलेले ‘देन’ हे ‘जेव्हा–तेव्हा’ या जोडीचे रूप आहे, आणि ते वापरणाऱ्याने मिश्र वाक्य रचण्याचे धाडस केलेले असते. संशोधक केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये अमेरिकी शाळकरी मुलांच्या लेखनासाठी मुख्य वाक्य व त्याला जोडलेली सर्व गौणवाक्ये मिळून एक एकक मानले आणि वयाबरोबर या एककाची लांबी वाढते, असे दाखवले. केवळ चुका मोजणाऱ्या तपासणीत मात्र छोटी, सुटी वाक्ये लिहिणारा मुलगा पुढे दिसतो आणि कारण, अट, वेळ जोडू पाहणारा मागे पडतो. म्हणून वही तपासताना चुकांच्या शेजारी गौणवाक्यांची संख्याही लिहावी, आणि जे गौणवाक्य प्रथमच आले असेल त्याखाली रेघ ओढावी.