फ्लोअर पॅन बदलणे

जुन्या मोटारीच्या तळाचा गंजलेला पत्रा कापून काढणे आणि त्याच्या जागी नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे, या कामाला फ्लोअर पॅन बदलणे म्हणतात. इंजिनाच्या कप्प्यामागच्या फायरवॉलपासून मागच्या सीटपर्यंत आणि एका बाजूच्या सिलपासून (दाराखालच्या पोकळ पोलादी पट्टीपासून) दुसऱ्या बाजूच्या सिलपर्यंत पसरलेला हा पोलादी पत्रा साधारण ०.८ ते १.२ मिमी. जाडीचा असतो. एवढ्या पातळ पत्र्याला ताठपणा येतो तो प्रेसमध्ये त्यावर उठवलेल्या लांब पन्हाळींमुळे. म्हणून सपाट पत्र्याचा तुकडा मापात कापून बसवला, तर भोक बुजते खरे, पण तळ पायाखाली लवतो आणि गाडी चालताना ढणढणतो.

काम किती गंभीर आहे, हे गाडीच्या बांधणीवर ठरते. वेगळी चॅसी असलेल्या गाडीत तळ मुख्यतः माणसे आणि सीट यांचा भार घेतो. तो कापला तरी चॅसी जागच्या जागी असते. मोनोकॉक गाडीत मात्र चॅसी वेगळी नसतेच. तळ, सिल, तळाच्या मधोमध लांबीने जाणारा उंचवटा म्हणजे टनेल आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. १९२२ साली लोकांपुढे आलेली लान्चिया लाम्ब्डा आणि १९३४ची सित्रोएन ट्रॅक्सिओं आव्हां ही अशा बांधणीची सुरुवातीची प्रसिद्ध उदाहरणे. पुढे बहुतेक छोट्या-मध्यम गाड्या याच वाटेने गेल्या, त्यामुळे पुनरुज्जीवनासाठी येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा तळ हा सांगाड्याचाच भाग असतो.

तळ रस्त्यावरच्या पाण्याने आणि बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने खालून सडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. अनेकदा गंज आतून, कारपेटखालून सुरू होतो. काचेचे रबर, दाराचे सील किंवा हीटरचा गळका रेडिएटर यांतून आलेले पाणी कारपेटखालच्या नमद्यात मुरते आणि महिनोन्महिने तिथेच राहते. आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यात चिकटवलेल्या डांबरी थराला भेगा गेल्या, की त्याच्याखालीही ओल शिरते. वरून थर शाबूत दिसतो, उचकटला की खाली तांबड्या पापुद्र्यांचा चुरा. १९६०च्या दशकातील फोर्ड मस्टँगमध्ये पुढच्या काचेखालच्या काउल या पोकळ भागाच्या आत हवेच्या भोकांभोवती पत्र्याच्या उभ्या कडा असतात. त्या गंजल्या की पावसाचे पाणी थेट पुढच्या पायांच्या जागेत टपकते. फोक्सवॅगन बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते आणि तिच्यातून सांडलेले आम्ल नेमका तेवढाच कोपरा खाते. अशा गाडीत काउल किंवा बॅटरीची जागा न पाहता नवा तळ बसवणे म्हणजे तो पुन्हा सडायला ठेवणे. पाणी कुठून आले हे सापडेपर्यंत पत्रा मागवूच नये.

तपासणीला सीट, कारपेट आणि डांबरी थर काढावा लागतो. चांगला पत्रा हातोडीच्या हलक्या ठोक्याला खणखणतो, सडलेला बद्द वाजतो, आणि पेचकसाचे टोक दाबले तर आत जाते. डोळ्यांना दिसणारे भोक हा आजाराचा लहानसा भाग असतो. वायर ब्रशने घासत गेले, की पांढरा लख्ख पत्रा लागेपर्यंत ते बरेच मोठे झालेले असते. तळाला खालून ताजा, जाड, काळाभोर लेप असेल तर सावध व्हावे. त्याखाली रिव्हेट मारलेली ठिगळे किंवा फायबरग्लास निघण्याची शक्यता दाट असते.

कापणे हा या कामातला सोपा भाग आहे; कापल्यानंतर गाडीचा आकार टिकवणे कठीण. मोनोकॉक गाडी, त्यातही छत नसलेली कन्व्हर्टिबल, तळ काढताच मध्ये खचू शकते. तशा अवस्थेत नवा पत्रा वेल्ड केला, तर ती वाकडेपणातच कायमची पक्की होते आणि पुढे दारे लागत नाहीत. म्हणून आधी गाडी समपातळीत भक्कम घोड्यांवर (स्टँडवर) ठेवतात, दारांच्या चौकटीत चौकोनी नळीचे आडवे-तिरपे आधार वेल्डिंगचे छोटे टाके मारून बसवतात, दोन्ही कर्णांची मापे आणि दारांच्या फटी लिहून ठेवतात. मग एका वेळी एकच बाजू कापतात. ती पूर्ण जोडून होईपर्यंत दुसरीला हात लावत नाहीत.

कारखान्यातला तळ स्पॉट वेल्डने, म्हणजे वेल्डिंगच्या सुट्या ठिपक्यांनी, जोडलेला असतो. साधारण ८ मिमी.च्या खास कटरने फक्त वरचा पत्रा कापून हे ठिपके सोडवले, तर खालची पट्टी आणि तळाला आधार देणाऱ्या आडव्या तुळया वाचतात. घाईने ग्राइंडर फिरवला, तर तेही बदलायची पाळी येते. बाजारात तयार मिळणारे पॅन क्वचितच जसेच्या तसे बसतात. ते स्क्रूने तात्पुरते आवळून, सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट जागेवर येतात का हे पाहूनच पुढे जावे.

वेल्डिंगला बहुधा तार आपोआप पुढे सोडणारे मिग यंत्र, ०.६ मिमी. तार आणि आरगॉन-कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण वापरतात. जुन्या स्पॉटच्या जागी नव्या पत्र्यात ६ ते ८ मिमी.ची भोके पाडून ती वेल्डने भरली, की जोड मुळासारखा दिसतो. सलग शिवण एका दमात ओढली तर पत्रा तापून लाटा धरतो, म्हणून लांब-लांब अंतरावर टाके मारत, मध्ये थंड होऊ देत जावे लागते. कडेला कड भिडवलेला जोड उत्तम, पण कौशल्य मागतो. पत्र्यावर पत्रा चढवणे सोपे. मात्र दोघांच्या मधल्या फटीत ओल अडकते, ती दोन्ही बाजूंनी सीलरने बंद करावीच लागते.

या कामात आगीचा धोका मोठा आहे. पेट्रोलची टाकी आणि नळ्या, वायरिंग, बॅटरी आधी काढावी. पत्र्याच्या पलीकडचा डांबरी लेप पेटतो आणि वेल्डरच्या काचेतून ते दिसत नाही, म्हणून विझवण्याचे साधन घेऊन दुसरे माणूस उभे असावे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग कधीही करू नये, त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

शेवटी इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर आणि वर रंग. वेल्डच्या उष्णतेने सिलच्या आतला रंग जळून गेलेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून पोकळ भागांत नळीने मेण फवारतात. पाणी निघून जाण्याची मूळ भोके या सगळ्या थरांखाली बुजलेली तर नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

बीटलचा प्रकार थोडा निराळा आहे. तिची वरची बॉडी तळाच्या पॅनला बोल्टने जोडलेली असते आणि तळाचे डावे-उजवे भाग मधल्या टनेलला वेल्ड केलेले असतात. चॅसी क्रमांक मागच्या सीटखाली त्या टनेलवरच ठोकलेला असतो. त्यामुळे जाणकार दोन्ही बाजूंचे भाग बदलतात, पण टनेल शक्यतो तोच ठेवतात. अख्खा पॅन बदलला की गाडीची कागदोपत्री ओळखही त्याच्याबरोबर जाते.