रॉकबिली आणि आरंभीच्या रॉक अँड रोल सिंगल्सचा संग्रह

अमेरिकेत, मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांत, १९५० च्या दशकात निघालेल्या रॉकबिली (कृष्णवर्णीयांचे ब्लूज आणि गोऱ्यांचे ग्रामीण कंट्री संगीत यांच्या मिलाफातून आलेली शैली) व रॉक अँड रोल गाण्यांच्या मूळ तबकड्या शोधून, पारखून जपण्याचा छंद. सिंगल म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी तबकडी. ती मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची असते, किंवा ७८ फेऱ्यांची दहा इंची. संग्राहकाला गाणे तर हवेच असते, पण त्याहून अधिक हवी असते ती मूळ कंपनीने त्याच वर्षी बाजारात आणलेली पहिली प्रत. बाहेरच्याला हा हट्ट अनाठायी वाटतो, पण त्यामागचे कारण ठोस आहे. त्या काळच्या कितीतरी छोट्या कंपन्या वर्ष-दोन वर्षांत बंद पडल्या, त्यांच्या ध्वनिफिती हरवल्या किंवा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. अशा गाण्यांचा एकमेव पुरावा म्हणून तबकडीच तेवढी शिल्लक राहिली.

या छंदाचे माहेरघर म्हणजे टेनेसी राज्यातील मेम्फिस शहर. सॅम फिलिप्स यांनी १९५० मध्ये तेथे ७०६, युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला आणि १९५२ मध्ये सन रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. रूफस टॉमस, तुरुंगातील कैद्यांचा ‘प्रिझनेअर्स’ हा गायकसंच अशा कृष्णवर्णीय कलावंतांवर कंपनीचा आरंभीचा भर होता. जुलै १९५४ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीची पहिली तबकडी आली, क्रमांक २०९. तिच्या एका बाजूला आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे ब्लूज आहे आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रो यांचे ब्लूग्रास, म्हणजे कंट्री संगीताचाच एक प्रकार. रॉकबिली म्हणजे काय हे समजून घ्यायला ही दोन गाणी लागोपाठ ऐकण्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही. सनने एल्व्हिसच्या पाच तबकड्या काढल्या (२०९, २१०, २१५, २१७ आणि २२३) आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याचा करार आरसीए व्हिक्टर या बड्या कंपनीला ३५,००० डॉलरना विकला. या पाचही मूळ प्रती चांगल्या स्थितीत मिळवणे हे या छंदातले सर्वांत मोठे आकर्षण.

सनची तबकडी हातात घेतली की पिवळ्या लेबलावरची तपकिरी शाई, सूर्यकिरण, आरवणारा कोंबडा आणि कडेने फिरणारी स्वरलिपीची पट्टी दिसते. एवढे तर नक्कल करणाऱ्यालाही जमते. जाणकार तबकडी दिव्याखाली तिरपी धरतो. मेम्फिसच्याच प्लास्टिक प्रॉडक्ट्स या कारखान्यात काढलेल्या ४५ फेऱ्यांच्या प्रतींवर लेबलाच्या कागदात तीन गोल दाबखुणा उमटलेल्या असतात. बोट फिरवले तरी त्या जाणवतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची ओळख वेगळी. गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जो मोकळा पट्टा उरतो, त्याला संग्राहक ‘डेड वॅक्स’ म्हणतात. मोनार्कच्या प्रतीत तेथे बारीक त्रिकोण आणि त्यापुढे आकडा कोरलेला असतो. हे आकडे चढत्या क्रमाने दिलेले असल्याने तबकडी साधारण केव्हा निघाली हेही ताडता येते. एल्व्हिसच्या सन तबकड्यांच्या नकला फार झाल्या आहेत. त्यांतली रंगीत प्लास्टिकवरची प्रत दिसली तर ती बनावट समजून खुशाल सोडून द्यावी. प्रिझनेअर्सच्या लाल प्रती मात्र अस्सल असू शकतात. सरसकट नियम इथे फारसे चालत नाहीत.

किमतीचे गणित नवख्याला उलटे वाटते. आरसीएने काढलेल्या एल्व्हिसच्या गाजलेल्या तबकड्या लाखांनी खपल्या, म्हणून त्या आजही स्वस्त मिळतात. महाग असते ती न खपलेली तबकडी. कार्ल पर्किन्सची १९५५ मधली पहिली तबकडी सनच्या ‘फ्लिप’ या उपकंपनीची, चार्ली फेदर्सची १९५६ मधली तबकडी मेम्फिसच्याच ‘मीटिअर’ कंपनीची, आणि या दोन्ही दुर्मिळ. त्याहून अवघड असतात त्या गायकाने स्वतः पैसे भरून काढलेल्या तबकड्या. टेक्सासमधील स्टारडे कंपनी अशी कामे घेत असे. ध्वनिफीत आणि पैसे पाठवले की काहीशे प्रती घरी येत. गायक त्या गावातल्या नाचाच्या कार्यक्रमांत विकत, एखाद-दुसरी स्थानिक रेडिओ केंद्राला देत, आणि बहुतेकांची कारकीर्द तेवढ्यावरच संपे. हा छंद सर्वाधिक उपकारक ठरला तो याच तबकड्यांच्या बाबतीत. त्यांच्या क्रमवार सूच्या बहुतांशी संग्राहकांनीच पदरमोड करून, प्रती एकमेकींशी ताडून तयार केल्या आहेत.

हे वेड युरोपात, विशेषतः ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये, १९७० च्या दशकात वाढले. अमेरिकेने विसरलेल्या तबकड्या तिकडच्या संग्राहकांनी गोळा केल्या आणि छोट्या कंपन्यांनी त्या पुन्हा काढल्या. हँक मायझेल यांनी १९५८ मध्ये शिकागोच्या ‘एको’ या किरकोळ कंपनीसाठी केलेले ‘जंगल रॉक’ हे गाणे तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नव्हते. १९७६ मध्ये चार्ली रेकॉर्ड्सने ते पुन्हा काढल्यावर ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते तिसऱ्या क्रमांकावर गेले. अठरा वर्षांनी आलेले हे यश कळवण्यासाठी मायझेल यांना शोधून काढावे लागले.

तबकडीची स्थिती अमेरिकी पद्धतीनुसार ‘मिंट’पासून (अगदी कोरी) खाली उतरत्या श्रेणींत मोजतात, पण नजरेवर विसंबणे धोक्याचे. ज्यूकबॉक्सच्या (नाणे टाकल्यावर गाणे वाजवणाऱ्या यंत्राच्या) जड सुईखाली शेकडो वेळा गेलेली प्रत राखाडी पडते आणि लगेच ओळखू येते. स्टायरीन या कडक प्लास्टिकची तबकडी मात्र वरून चकचकीत दिसते आणि वाजवली की नुसती खरखर करते. मोनार्कच्या बऱ्याच प्रती स्टायरीनच्या आहेत. म्हणून ऐकल्याशिवाय घेऊ नये.

४५ की ७८, हा प्रश्न वर्षावर ठरतो. आरसीएने ४५ फेऱ्यांची तबकडी १९४९ मध्ये आणली, तरी दक्षिणेतील ग्राहक पुढे काही वर्षे ७८ चीच घेत होते. त्यामुळे १९५३ च्या आसपासची ४५ दुर्मिळ असते, तर दशक संपता संपता निघालेली ७८. या उत्तरकालीन ७८ तबकड्यांचे आपल्या देशाशी एक विशेष नाते आहे. अमेरिकेत ७८ बंद पडल्या तरी कोलकात्याजवळच्या डमडम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात त्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, कारण आपल्याकडे किल्लीचे ग्रामोफोन अजून वापरात होते. बीटल्सच्या भारतीय ७८ त्यातूनच आल्या आणि आज जगभरचे संग्राहक त्यांच्या मागे आहेत. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्यांचे गठ्ठे चाळणाऱ्याने हिंदी-मराठी गाण्यांच्या खाली दबलेली इंग्रजी लेबलेही जरूर पाहावीत.

७८ फेऱ्यांच्या तबकडीत बाकीचे घटक बांधून ठेवण्याचे काम लाख करी, आणि ती लाख बरीचशी भारतातूनच जाई. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडला, तेव्हा अमेरिकी सरकारने १९४२ मध्ये तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मर्यादा घातली होती. तबकडीत लाख आहे हे ती धुताना ध्यानात ठेवावे लागते. प्लास्टिकच्या ४५ साठी मिळणाऱ्या अनेक द्रावणांत अल्कोहोल असते आणि अल्कोहोलात लाख विरघळते. ७८ ची तबकडी कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, लेबल ओले न होऊ देता, मऊ ब्रशने चरांच्या दिशेने पुसावी आणि सावलीत उभी करून वाळवावी.