सुखाचं मोजमाप

सुखाचं मोजमाप म्हणजे एखाद्या देशातली माणसं आपल्या जगण्यावर किती समाधानी आहेत हे त्यांनाच विचारून आकड्यात मांडायची पद्धत. आपल्या मराठवाड्यात दोन माणसं स्टँडवर भेटली की पहिला प्रश्न 'पाऊसपाणी कसं हाय?', अन् त्याच्या उत्तरात पीक, कर्ज, पोरीचं लग्न सगळंच येतं. पण दीडेकशे देशांची तुलना करायची म्हणल्यावर सगळ्यांना एकच प्रश्न लागतो.

तो प्रश्न शिडीचा, १९६० च्या दशकात हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलेला. ० ते १० पायऱ्यांची शिडी समजा, वरची पायरी म्हणजे तुमच्या मते सगळ्यात चांगलं आयुष्य, खालची म्हणजे सगळ्यात वाईट, मग आज तुम्ही कोणत्या पायरीवर? गॅलप ही संस्था बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजार लोकांना हे विचारते आणि २०१२ ला सुरू झालेल्या वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टचे नंबर याच उत्तरांच्या तीन वर्षांच्या सरासरीवर लागतात. उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार असे सहा मुद्दे जोडून मार्क देतात असं लई लोकांना वाटतं, तसं नाही, ते मुद्दे देशादेशांत फरक का पडतो हे समजायला वापरतात, मार्क लोकच देतात. २०२५ ला फिनलंड सलग आठव्यांदा पहिला आला, ७.७३६ गुण, आणि १४७ देशांत भारत ११८ वा, ४.३८९.

ब्रिटन २०११ पासून चार प्रश्न विचारतं, त्यातले दोन कालच्या दिवसाचे: काल किती आनंदात होतात, काल किती घोर लागला होता. हा फरक मोठाय. लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला अख्खं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, आंबील, अन् वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी 'काल कसं होतं' विचारा, धा पैकी धा सांगतील, त्याच माणसाला शिडी विचारली की सोयाबीनचा भाव आठवतो, आणि दोन्ही उत्तरं खरीच. २०२५ च्या त्याच रिपोर्टात सोबत जेवण्यावर एक प्रकरण आहे, जे लोक जास्त वेळा कुणासोबत जेवतात ते आपलं आयुष्य वरच्या पायरीवर ठेवतात असं त्यात दिसलं.

भूतानचा हिशोब वेगळा, अन् मला तोच जास्त पटतो. राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात ग्रॉस नॅशनल हॅपिनेसची कल्पना मांडली, २००८ च्या राज्यघटनेत ती आली. तिथं ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत, त्यात झोप, कामाचे तास, शेजारपाजार, जंगल-पाणी सगळं धरलंय, प्रत्येकात 'इतकं पुरेसं' अशी रेघ ठरलेली.

सरासरीत एक उणीव राहते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते साल देशाच्या आकड्यात वेगळं दिसणार नाही, कारण एवढ्या मोजक्या लोकांच्या उत्तरांतून जिल्ह्याचा आकडा निघत नसतो. आणि वेळेचाही प्रश्न आहेच, सर्व्हेवाले जानेवारीत आले तर बीडच्या कित्येक तांड्यांवर म्हातारीकोतारीच भेटतील, घरची करती माणसं तवा ऊसतोडीला गेलेली, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याजवळच्या कोपीत.