इंग्लंडमध्ये शिक्षक आहात आणि शाळा बदलायची आहे? मग ३१ मे आणि १ जून या तारखा नीट समजून घ्या

स्किल्ड वर्कर व्हिसा तुमच्या नावावर असला, तरी तो बांधलेला असतो स्पॉन्सरला, म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेला. स्पॉन्सर बदलला की नवं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (यापुढे सीओएस) आणि नवा अर्ज, दोन्ही लागतात. जुना व्हिसा अजून तीन वर्षं बाकी असला तरीही.

आधी स्पॉन्सर नेमका कोण ते पाहा. तुमची शाळा एखाद्या अकॅडमी ट्रस्टची (सरकारी पैशावर शाळा चालवणाऱ्या संस्थेची) असेल, तर स्पॉन्सर लायसन्स बहुधा ट्रस्टच्या नावावर असतं. त्याच ट्रस्टच्या दुसऱ्या शाळेत त्याच कोडच्या (सरकारने प्रत्येक व्यवसायाला दिलेल्या क्रमांकाच्या) कामावर गेलात तर अर्ज लागत नाही; ट्रस्टने होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवलं की झालं. कोड मात्र तपासा. माध्यमिक शिक्षकाचा कोड २३१३, प्राथमिकचा २३१४. कोड बदलला तर स्पॉन्सर तोच असूनही अर्ज करावा लागतो.

खरी अडचण तारखांची आहे. सप्टेंबरमध्ये नव्या शाळेत रुजू व्हायचं तर बहुतेक सरकारी अनुदानित शाळांत राजीनामा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो, आणि नोकरी ३१ ऑगस्टला संपते. (डिसेंबरअखेर सोडायची असेल तर ३१ ऑक्टोबर, एप्रिलअखेर सोडायची असेल तर २८ फेब्रुवारी. खासगी शाळांचे नियम वेगळे, करारपत्र वाचा.) व्हिसाचा अर्ज मात्र रुजू होण्याच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आतच करता येतो. म्हणजे १ सप्टेंबरसाठी १ जूनपासून. राजीनाम्याची शेवटची तारीख अर्जाच्या पहिल्या तारखेच्या एक दिवस आधी! हे दोन नियम आखणाऱ्यांनी एकमेकांशी कधी बोलून पाहिलेलं दिसत नाही. भोगायचं मात्र शिक्षकाने.

म्हणून राजीनामा देण्याआधी नव्या शाळेला दोन प्रश्न लेखी विचारा. लायसन्स आज चालू आहे का? आणि यंदाच्या कोट्यात सीओएस शिल्लक आहे का? ब्रिटनमध्ये राहून केलेल्या अर्जासाठी शाळा आपल्या वार्षिक कोट्यातून सीओएस देते. कोटा संपला असेल तर तिला वाढीव मागावा लागतो आणि त्यात कित्येक आठवडे जातात. ‘आम्ही स्पॉन्सर करतो’ हे मुलाखतीतलं वाक्य म्हणजे या दोन प्रश्नांची उत्तरं नव्हेत.

पगाराकडेही बघा. क्यूटीएस (इंग्लंडमधली पात्र शिक्षकाची अधिकृत मान्यता) नसलेल्यांना ‘अनक्वालिफाइड’ श्रेणीत घेतात, आणि तिची सर्वांत खालची पायरी लंडनबाहेर वर्षाला २५,००० पौंडांच्या आत येते. तेवढ्या पगारावर स्पॉन्सर करता येत नाही. क्यूटीएसविना शिकवण्याची चार वर्षांची मुभाही शाळा बदलल्याने नव्याने सुरू होत नाही. एजन्सीमार्फत रोज वेगळ्या शाळेत ‘सप्लाय’ (बदली शिक्षकाचं काम) करणं या व्हिसाची मुख्य नोकरी होऊ शकत नाही, एजन्सीवाला काहीही म्हणो.

अर्ज तसा सरळ आहे: सीओएसचा क्रमांक, पासपोर्ट, फी, आरोग्य अधिभार. अधिभार प्रौढ अर्जदाराला नव्या व्हिसाच्या दर वर्षामागे १,०३५ पौंड, आणि तो एकरकमी भरायचा असतो. त्याची तजवीज आधी करा. ब्रिटनमध्ये येऊन बारा महिने झाले नसतील तर खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस दिसायला हवेत. एक दिवस जरी १,२६५ झाले तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजीचा पुरावा आधीच्या अर्जात मान्य झाला असेल तर पुन्हा लागत नाही. ब्रिटनमधून अर्ज करताना व्हिसासाठी पोलिस दाखलाही लागत नाही, उगाच धावपळ करू नका. नवी शाळा आपल्या तपासणीसाठी मागेल, ती गोष्ट वेगळी.

आता सगळ्यांत जास्त घात करणारी गोष्ट: उन्हाळ्याच्या सुट्टीतलं घरचं तिकीट. अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटं यांच्या बाहेर पाऊल टाकलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. निर्णयाला साधारण आठ आठवडे लागतात. १ जूनला अर्ज केला तर जुलैअखेर. २२ जुलैचं स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवणारे इथेच अडकतात. जायचंच असेल तर ५०० पौंड जास्त भरून पाच कामाच्या दिवसांची प्राधान्य सेवा घ्या, किंवा निकाल हातात आल्यावरच तिकीट काढा. तोवर जुन्या शाळेत शिकवायला हरकत नाही, पण नव्या शाळेत एक दिवसही नाही. इन्सेट डेलाही (शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दिवशीही) नाही.

जुनी शाळा तुम्ही गेल्याचं होम ऑफिसला कळवते. नवा अर्ज केलेला नसेल तर व्हिसाची मुदत कापल्याचं पत्र येतं आणि सहसा ६० दिवस मिळतात. व्हिसाच त्याआधी संपत असेल तर तेवढेच. हे पत्र बहुधा ईमेलने येतं. तुमच्या यूकेव्हीआय (होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यावर शाळेने दिलेला ईमेल पत्ता असेल, तर नोकरी संपली की तो बंद होईल आणि पत्र कधी आलं हे कळणारही नाही. राजीनामा देण्याच्या दिवशीच तो बदलून स्वतःचा टाका. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर त्याचा क्रमांकही तिथेच बदला, नाहीतर परतताना विमानतळावर ई-व्हिसा जुळत नाही. नवऱ्याच्या, बायकोच्या, मुलांच्या व्हिसाची मुदत तुमच्या अर्जाने आपोआप वाढत नाही. त्यांचे अर्ज वेगळे.