सरकारी खर्चाचा हिशेब मंत्र्यांकडून कसा मागायचा : आमदारांमार्फत विधिमंडळात प्रश्न देण्याची पद्धत, पात्रता आणि कागदपत्रं

महाराष्ट्र विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांची यादी एकदा तरी उघडून पाहा. सगळे प्रश्न एकाच साच्यातले दिसतील. अमुक खात्याचे मंत्री ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’, आणि त्याखाली क्रमांक घालून कलमं. पहिल्या कलमाच्या शेवटी ‘हे खरे आहे काय’, पुढच्या कलमांची सुरुवात ‘असल्यास’ने, आणि शेवटचं कलम बहुतेक वेळा ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. हा साचा समजला की निम्मं काम झालं, कारण आपल्या गल्लीतल्या, रुग्णालयातल्या किंवा शाळेतल्या खर्चाची गोष्ट याच साच्यात बसवून आमदारांच्या हाती द्यायची असते. खात्याला लेखी उत्तर तयार करावं लागतं, ते मंत्र्यांच्या नावाने जातं आणि कायमचं नोंदीत राहतं. अर्जावर मिळणारं ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव पाठविण्यात आला आहे’ हे पत्र आणि सभागृहातलं उत्तर यांची तुलनाच होऊ शकत नाही.

प्रश्न कोण विचारू शकतं

सभागृहात प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त सदस्यांचा. विधानसभेत २८८ आमदार, विधान परिषदेत ७८. नागरिकाला थेट प्रश्न देता येत नाही, पण प्रश्नाची माहिती आणि मसुदा कोणीही देऊ शकतं. त्यासाठी वयाची, शिक्षणाची, संस्थेच्या नोंदणीची कसलीही अट नाही. तुम्ही त्या मतदारसंघातले मतदार असाल तर बोलणं सोपं जातं, इतकंच.

मुंबईत विधानसभेचे ३६ मतदारसंघ आहेत, शहरात १० आणि उपनगरात २६. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारणार नाहीत, कारण उत्तर देणारे तेच. अध्यक्षही प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी अडून बसू नका. शेजारच्या मतदारसंघातले आमदार चालतात, मुंबई पदवीधर आणि मुंबई शिक्षक मतदारसंघांतून परिषदेवर गेलेले सदस्य चालतात. शाळांच्या अनुदानाचा विषय असेल तर शिक्षक आमदारांकडे तो जास्त मन लावून ऐकला जातो.

आधी ठरवा : पैसा कोणाचा?

सर्वांत जास्त प्रश्न इथे वाया जातात. मुंबईत एकाच चौकात तीन सरकारांचा पैसा खर्च होत असतो. रुग्णालयांचंच बघा. जे. जे., कामा, जी. टी. आणि सेंट जॉर्ज ही राज्य शासनाची, तर केईएम, सायन, नायर आणि कूपर महापालिकेची. दोन्हीकडचा केसपेपर काढणारा माणूस तोच असतो, त्याला हा फरक जाणवत नाही, पण उत्तर देणारं खातं वेगळं असतं. म्हाडाचा विषय गृहनिर्माण विभागाकडे, एमएमआरडीएचा नगरविकास विभागाकडे. लोकलच्या फलाटाचा किंवा सरकत्या जिन्याचा खर्च रेल्वेचा, म्हणजे केंद्राचा. त्याचा प्रश्न लोकसभेत, मुंबईच्या सहा खासदारांपैकी एकाकडून जायला हवा.

महापालिकेच्या खर्चासाठी पहिलं दार २२७ नगरसेवकांपैकी तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाचं. तिथे दाद लागली नाही तर आमदार तोच विषय नगरविकास विभागाला विचारू शकतात, आणि विचारतातही. मात्र तेव्हा प्रश्न शासनाच्या जबाबदारीशी जोडावा लागतो: शासनाने निधी दिला होता का, चौकशीचे आदेश दिले का, महापालिकेकडून अहवाल मागवला का.

कागदपत्रं

आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयात रोज निवेदनांचा ढीग पडतो. त्यात तुमचा कागद वाचला जावा असं वाटत असेल तर तो एका पानाचा हवा. आमच्या सोसायटीने पहिल्यांदा चार पानी पत्र नेलं होतं. त्यात नाला होता, पदपथ होता, पादचारी पूल होता आणि दवाखानाही होता. स्वीय सहायकांनी ते शांतपणे शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, “काका, यातलं एक काय ते द्या.” पुढच्या अधिवेशनाच्या आधी आम्ही फक्त पूल घेऊन गेलो. मंजूर रक्कम, कार्यादेशाची (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणाऱ्या लेखी आदेशाची) तारीख, काम पूर्ण करण्याची मुदत, आजची स्थिती. तो प्रश्न गेला, आणि अतारांकित यादीत (ज्यातल्या प्रश्नांना फक्त लेखी उत्तर मिळतं) का होईना, उत्तर आलं.

त्या एका पानाला पुढचे कागद जोडावेत. ज्या शासन निर्णयाने रक्कम मंजूर झाली त्याची प्रत. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारखेनुसार ती सापडते, तिच्यावरचा संकेतांक निवेदनातही लिहा. निविदा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन निविदा संकेतस्थळावर निघाली असेल तर तिचा क्रमांक. कार्यादेश मिळाला तर उत्तमच. जागेचे दोन-तीन फोटो, तारखेसह. आधी कोणत्या कार्यालयाला अर्ज दिला होता त्याची पोच. सह्या जोडायच्या तर जोडा, पण दोनशे सह्यांपेक्षा एक कार्यादेश जास्त कामाचा असतो. निवेदनावर नाव, पत्ता, फोन आणि तारीख, आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च ज्या क्रमांकाखाली दाखवला जातो तो, देता आलं तर प्रश्नाला धार येते. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय सेवांवरचा महसुली खर्च मुख्य लेखाशीर्ष २२१० खाली, रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च ५०५४ खाली. किती तरतूद झाली, किती निधी वितरित झाला आणि किती खर्च झाला हे शासनाच्या ‘बीम्स’ या प्रणालीवर पाहता येतं. तरतूद मोठी आणि वितरण तुटपुंजं असेल, तर प्रश्न ठेकेदाराबद्दल नाही, वित्त विभागाने पैसे का सोडले नाहीत याबद्दल विचारायला हवा.

कागद नसतील तर माहिती अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करायला महाराष्ट्रात १० रुपये शुल्क. कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतं, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. कारण सांगावं लागत नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

म्हणजे उलटी गणती करा. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला असतं आणि प्रश्नांच्या सूचना, म्हणजे लेखी नोटिसा, त्याच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज दिवाळीच्या आसपास पडलेला बरा. पावसाळी अधिवेशनासाठी मार्च उजाडताच. अधिवेशन जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांचा प्रश्न जवळपास नेहमीच हुकतो.

मसुदा कसा लिहायचा

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शासकीय रुग्णालयात सोनोग्राफी यंत्र खरेदी झालं, पण ते खोक्यातच पडून आहे आणि बायकांना बाहेरून पैसे देऊन तपासणी करावी लागते. मनात संताप असतो, आणि तो योग्यच आहे. पण ‘जनतेच्या पैशांची उधळपट्टी करणाऱ्या भ्रष्ट अधिकाऱ्यांवर कारवाई कधी?’ असा प्रश्न स्वीकारला जात नाही. युक्तिवाद, आरोप, उपरोध, मत विचारणं, जर-तरची कल्पना, न्यायप्रविष्ट बाब, खासगी व्यक्तीचं चारित्र्य, हे सगळं प्रश्नात वर्ज्य आहे. तोच संताप असा उतरवायचा :

‘(१) अमुक शासकीय रुग्णालयासाठी सोनोग्राफी यंत्र खरेदी करण्यात येऊनही ते अद्याप कार्यान्वित झालेले नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त यंत्राची किंमत, खरेदीचा दिनांक व पुरवठा झाल्याचा दिनांक काय आहे, (३) यंत्र कार्यान्वित न झाल्याने किती रुग्णांना बाहेर तपासणीसाठी पाठविण्यात आले, (४) देखभाल करारापोटी आतापर्यंत किती रक्कम अदा करण्यात आली, (५) याप्रकरणी चौकशी करून कोणती कारवाई करण्यात आली वा येत आहे, (६) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

चौथं कलम पाहा. न चालणाऱ्या यंत्राच्या देखभालीचे पैसे दिले गेले असतील तर तो आकडा खात्याला स्वतःच्या हाताने लिहावा लागेल. खर्चाच्या प्रश्नात नेहमी असा एक आकडा मागा, ज्याला ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर चालत नाही.

कोणतं हत्यार कधी

तारांकित प्रश्नाला मंत्री प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, उपप्रश्न नाहीत. दिलेला प्रश्न तारांकित यादीत बसला नाही तर तो अतारांकितात जाऊ शकतो, म्हणून निराश होऊ नका. निव्वळ आकडे हवे असतील तर मला अतारांकितच बरा वाटतो. गोंधळात कामकाज तहकूब झालं तरी लेखी उत्तर बुडत नाही. उत्तर अपुरं असेल तर त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते.

विषय तातडीचा असेल, पूल खचलाय, औषधांचा पुरवठा थांबलाय, तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. विधानसभेत ती नियम १०५ खाली येते. तिच्यात मंत्र्यांना निवेदन करावं लागतं, म्हणून आमदारांमध्ये लक्षवेधी ‘लागण्या’साठी चुरस असते.

मार्चमध्ये विभागवार मागण्यांवर, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, मतदान होतं तेव्हा कपात सूचनेची (ती रक्कम कमी करा अशा सूचनेची) संधी असते. धोरणच अमान्य असेल तर मागणी १ रुपयापर्यंत खाली आणा अशी सूचना, काटकसर हवी असेल तर ठरावीक रकमेची, आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर १०० रुपयांची. आपल्या पुलाचं गाऱ्हाणं या शंभर रुपयांत बसतं. पैशाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं (घटनेचा अनुच्छेद २०३), तेव्हा हे काम परिषदेच्या सदस्यांकडे नेऊ नका. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा पैसा, जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात येतात आणि त्यांच्याकडे सामान्य माणसाचं लक्ष अजिबात नसतं. मूळ अर्थसंकल्पात न दिसलेला खर्च तिथे दिसतो.

महालेखापरीक्षकांचे अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे विधिमंडळापुढे ठेवले जातात, आणि बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत, जेव्हा चर्चेला वेळ उरलेला नसतो. हे मला मनापासून खटकतं. पण अहवाल सार्वजनिक असतो आणि पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नांसाठी त्याच्याइतका पक्का आधार दुसरा नाही, कारण त्यातली रक्कम खात्याला सहजासहजी नाकारता येत नाही. पुढे तोच अहवाल लोकलेखा समितीकडे, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे जातो आणि समिती सचिवांची साक्ष घेते.

लोकसभेसाठी पद्धत साधारण हीच, फक्त मुदत स्पष्ट आहे : किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना. दिवसाला २० तारांकित प्रश्न, आणि क्रम चिठ्ठ्यांवर ठरतो.

उत्तर आल्यावर

उत्तरांची भाषाही ठरलेली आहे. ‘होय’ म्हणजे होय. ‘अंशतः खरे आहे’ दिसलं की पुढची ओळ दोनदा वाचा, खरी बातमी तिथे असते. ‘हे खरे नाही’ आणि त्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं आलं, आणि तुमच्या हातात त्याच खात्याने माहिती अधिकारात दिलेला उलटा कागद असला, तर तो लगेच आमदारांकडे न्या. सभागृहाची दिशाभूल हा गंभीर विषय आहे आणि मंत्र्यांनाही आपल्या खात्याने चुकीचं उत्तर लिहून दिलेलं परवडत नाही.

कामकाज थेट प्रक्षेपणात पाहता येतं. प्रत्यक्ष गॅलरीत बसायचं तर आमदारांच्या शिफारशीने प्रवेशिका आणि फोटो ओळखपत्र लागतं. जुलै २०२५ मध्ये विधान भवनाच्या आवारात हाणामारी झाल्यापासून अभ्यागतांच्या प्रवेशावर कडक निर्बंध आले, त्यामुळे निघण्याआधी कार्यालयात विचारून घ्या. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, मुंबईच्या प्रश्नाचं उत्तरही तेव्हा तिथेच मिळतं.

मंत्री ‘चौकशी करून अहवाल मागवू’ किंवा ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ असं बोलले, तर ते आश्वासन म्हणून नोंदलं जाऊ शकतं आणि त्याचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. म्हणून प्रश्न क्रमांक, तारीख आणि मंत्र्यांचं नेमकं वाक्य उतरवून ठेवा. मुदत उलटली की तेच वाक्य वर लिहून एक पत्र संबंधित कार्यकारी अभियंत्याला किंवा अधिष्ठात्यांना द्या, दुसरी प्रत आमदारांना. दोन्हीवर पोच घ्या.